दुरुस्तीचा रकाना

आमचे घरमालक भाडेकरूची कागदपत्रे नंतर पाहत. आधी त्याला दार लावायला सांगत. २००४ च्या वसंतात, न्यू जर्सीत एडिसनच्या एका शांत गल्लीतले त्यांचे तळघर पाहायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला आत घेतले, मला बाहेरच थांबवले आणि आतून हाक दिली, "आता तुम्ही या. दार लावून घ्या." मी दार लावले. त्यांनी मान तिरकी करून कान दिला, खिशातून एक छापील पत्रक काढले आणि त्यावर लिहिले : "दार – जोर किंचित जास्त. दुरुस्ती – अखेरच्या चार बोटांच्या अंतरात हाताने सोबत करणे." खाली सही करून पत्रक माझ्या हाती दिले.

कऱ्हाडच्या शाळेत सहा वर्षे मी मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिले होते. माझ्यावर कोणी शेरा लिहिण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी किल्ली पुढे केली.

"नापास झालात," ते म्हणाले. "पण नापास म्हणजे भंगार नव्हे. नापास म्हणजे दुरुस्ती. कधी येताय राहायला?"

आम्ही तिथे तीन वर्षे राहिलो. त्यांना आम्ही काका म्हणत असू. सत्तरी ओलांडलेले, ताठ, नेहमी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि त्याच्या खिशात पेन्सिल, घड्याळ व जाडी मोजण्याचे पोलादी कॅलिपर. आधी चिंचवडच्या आणि मग न्यू जर्सीतल्या बेअरिंगच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर एकच काम केले होते : तयार झालेला नग हातात घ्यायचा, मोजायचा, दोष लिहायचा आणि दुरुस्ती खात्याकडे पाठवायचा. कारखाना सुटला, पण पत्रके सुटली नाहीत. तीन रकाने : वस्तू, दोष, दुरुस्ती. घरातल्या फ्रिजवर ती चुंबकाने लटकत. "चहा – वेलची जास्त. दुरुस्ती – दोन दाणे कमी." "पोळी – कड जाड, मध्य पातळ. दुरुस्ती – लाटण्याची दिशा बदलणे." एकदा त्यांनी स्वतःविरुद्धही पत्रक लावले : "घोरणे – जिन्यापर्यंत ऐकू येते. दुरुस्ती – दार लावणे, जोर किंचितही नको."

ज्या पत्रकात दोषाचा रकाना रिकामा असेल, ते पत्रक त्यांना मान्य नसे. "ज्यात दोष सापडला नाही, तो नग तपासलाच नाही असं समजा," हे त्यांचे वाक्य मी शंभरदा ऐकले असेल.

मला ते "बाई" म्हणत. शाळेत मला सगळेच बाई म्हणत. अमेरिकेत उतरल्यापासून ती हाक बंद झाली होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. नवरा सकाळी सातची गाडी पकडून कामावर जाई आणि दिवसभर मी तळघराच्या छोट्या खिडकीतून लोकांचे बूट पाहत बसे. तेव्हा काकांनी ती हाक पुन्हा चालू केली. त्या एका शब्दासाठी मी पुढे जे केले, त्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आता त्या घरातल्या दुसऱ्या माणसांविषयी सांगायला हवे, कारण काकांची ओळख त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

गावापासून वीस मिनिटांवर बेसबॉलचे एक छोटे मैदान होते. अमेरिकेत मोठ्या संघांच्या हाताखाली असे लहान संघ असतात. तिथे विशीतली मुले वर चढण्याची वाट पाहतात आणि तिशीतली माणसे खाली न घसरण्याची. या खेळाडूंना उन्हाळाभर गावातली कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेतात. काकूंनी, म्हणजे काकांच्या पत्नीने, मुलगी कॅलिफोर्नियाला गेल्यावर ही प्रथा स्वीकारली. काकू वारल्या, प्रथा राहिली. मला हे प्रथम कळले तेव्हा विश्वास बसला नाही. परक्या घरात, परक्या माणसाच्या फ्रिजमधले दूध पिणारे हे सहा फुटी लोक!

२००५ च्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर दोघे जण होते. दोघेही कॅचर. कॅचर म्हणजे, क्रिकेट ठाऊक असलेल्यांनी समजावे, यष्टिरक्षकाच्या जागचा माणूस; फक्त तो नऊ डाव उकिडवा बसतो, आणि कोणता चेंडू टाकायचा हे गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, बोटांच्या खुणेने तोच सांगतो. एका संघात दोन कॅचर, पण खेळतो एकच. काकांनी त्यांची नावे ठेवली होती थोरला आणि धाकटा.

थोरला ओहायोतल्या एका खेड्यातला. वय तेहतीस. बारा वर्षे तो लहान संघांतूनच फिरत होता. धाकटा डॉमिनिकन रिपब्लिकमधला, वीस वर्षांचा, जूनमध्येच आणखी खालच्या संघातून बढती मिळून आलेला. इंग्रजी बेताचे. "काका" हा शब्द तो हसल्याशिवाय उच्चारू शकत नसे, कारण त्याच्या भाषेत त्याचा अर्थ काही भलताच होता. म्हणून तो आदराने "मिस्टर काका" म्हणे आणि मग दुप्पट हसे.

मला सर्वांत जास्त आश्चर्य कशाचे वाटे, तर रोज सकाळी नाश्त्यानंतर थोरला त्या धाकट्याला स्वयंपाकघरातल्या फरशीवर उकिडवा बसवी, हातात संत्रे देई आणि शिकवी. मनगट असे. कोपर सैल. गुडघा आत. मी एकदा न राहवून विचारले, "तुमची जागा हाच घेणार ना? मग शिकवता कशाला?"

तो हसला. काकांनी माझी ओळख करून दिल्यापासून तो मला "टीचर" म्हणत असे. "टीचर, तुमचे विद्यार्थी तुमच्या जागी यायचे नव्हते का?"

"यायचे. पण मी तेहतिसाव्या वर्षी निवृत्त होणार नव्हते."

"मीही होणार नाही," तो म्हणाला, आणि त्याने ती गोष्ट सांगितली जी त्या घरात आम्हा सर्वांना पाठ झाली. वरच्या मोठ्या संघाच्या संस्थेने त्याला तोंडी शब्द दिला होता : हा सीझन पुरा कर, पुढच्या वर्षी खालच्या संघात तुला प्रशिक्षक करू. संघाच्या यादीत अखेरच्या दिवसापर्यंत नाव राहिले पाहिजे, एवढीच अट. पुढे आयुष्यभर मैदानावर राहता येईल. "मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला. "हे मात्र मला शिकवता येतं."

काकांनी ते ऐकून मान डोलावली होती. हे मी मुद्दाम नोंदवते. त्यांना सर्व ठाऊक होते. मलाही होते.

मैदानावर काकांची जागा ठरलेली, कॅचरच्या बरोबर मागे तिसरी रांग. मांडीवर वही, पायाशी भडंगाचा डबा. फलकावर प्रत्येक चेंडूचा वेग उमटे, तो ते टिपून घेत. टाळी कधी वाजवत नसत. "तपासनीस टाळ्या वाजवायला लागला की मापं चुकतात," ते म्हणत. शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसत. त्यांना भडंग फार आवडे आणि थोरला मुळीच आवडत नसे.

"त्या म्हाताऱ्या खेचराला बाहेर काढा!" ते ओरडत. "पोराला खेळवा! पोराच्या हातात तोफ आहे!"

मागून आणखी कोणी ओरडे, "घरी जा, आजोबा!"

तेहतीस वर्षांच्या माणसाला आजोबा! माझा नवरा त्याच वयाचा होता.

काका वहीतून डोके न काढता पोस्टमनना म्हणाले, "यंत्र कुरकुरलं तर आधी तेल घालतात. मग ओरडतात."

"बारा वर्षं तेल घालून झालं, मित्रा," पोस्टमन म्हणाले आणि त्यांनी डब्यात हात घातला.

जुलैपासून थोरल्याचा खेळ खरोखरच उतरला. नेमके काय बिघडले, ते कोणालाच सांगता येईना. फलंदाजी जेमतेम होती, ती तशी नेहमीचीच. पण तो खेळत असला की सामन्याच्या उत्तरार्धात आमच्या पिचरना मार बसे. धाकटा खेळे तेव्हा तसे होत नसे. काकांच्या वहीत बावीस सामन्यांचा प्रत्येक चेंडू होता, पण काका मोजणारे होते. मांडणी करणारे नव्हते. एके सकाळी त्यांनी वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"बाई, यात दोष आहे. मला दिसत नाही. तुम्ही गणित शिकवलंय. बघा."

मला काय वाटले ते मी कसे सांगू? दीड वर्षांत मला कोणी काम दिले नव्हते. मी ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आलेखाचे कागद आणले, रंगीत पेन्सिली आणल्या, आणि चार दिवस जेवणाच्या टेबलावर ठाण मांडले. नवरा कामावरून आला की चेष्टा करी.

"अगं, लीगमध्ये जॉब घेतलास की काय? आपल्या व्हिसावर अलाउड आहे का ते तरी चेक कर!"

"हातपाय धुऊन या आधी. आणि त्या कागदांवर बॅग ठेवू नका."

"यार, घर आहे की परीक्षा विभाग!"

पाचव्या दिवशी मला दोष सापडला. तो मी जसा काकांना समजावला तसाच इथे सांगते. पिचरचे चेंडू ढोबळमानाने दोन प्रकारचे : वेगवान सरळ आणि संथ वळणारा. पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, प्रतिस्पर्ध्याचा धावपटू उभा असेल, तर चेंडू हवेत असतानाच तो दुसऱ्या बेसकडे पळू शकतो. मग कॅचरने चेंडू झेलून, उठून, तो दूरवर फेकायचा असतो. वेगवान चेंडू लवकर पोचतो, म्हणून कॅचरला फेकायला वेळ अधिक मिळतो. थोरला सहाव्या डावापासून पुढे, धावपटू पहिल्या बेसवर असला की, जवळजवळ प्रत्येक वेळी वेगवान चेंडूच मागत होता. आणि प्रतिस्पर्ध्यांचे फलंदाज, कळत की नकळत, नेमकी त्याचीच वाट पाहू लागले होते.

काकांनी आलेख पाहिला. बराच वेळ पाहिला. मग डोळे मिटले.

"खांदा," ते म्हणाले. "खांदा दुखतोय त्याचा. लांब फेकता येत नाही म्हणून वेळ चोरतोय. बाई, हा माणूस दुखणं लपवतोय."

"मग त्यांनाच विचारूया ना, काका. वरच तर आहेत."

"नगाला विचारून तपासणी होत नाही. आणि विचारलं तर तो नाहीच म्हणणार. कळवायचं असतं दुरुस्ती खात्याला."

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. पण शाळेत मीही हेच केले होते. मुलाला फळ्यावरचे दिसत नसेल, तर ते मूल कधी कबूल करत नाही. आपण पालकांना चिठ्ठी पाठवतो, आठ दिवसांत मुलाला चष्मा येतो. चूक दाखवणे म्हणजे उपकार करणे, याच समजुतीत मी वाढले आणि त्याच समजुतीवर माझी नोकरी चालली. चिठ्ठी गेली की मुलाचे नाव हजेरीपटावरून खोडले जाते, असे कुठे ऐकले होते?

काकांचे पत्रक मी स्वच्छ अक्षरात इंग्रजीत उतरवून काढले. वस्तू : कॅचर. दोष : वरीलप्रमाणे, आलेख जोडला आहे. दुरुस्ती : खांद्याला तीन आठवडे पूर्ण विश्रांती व उपचार. ओळींचे क्रमांक मात्र सवयीने देवनागरीत पडले, १, २, ३. काकांनी तपासनीस म्हणून सही केली. मग पेन माझ्याकडे दिले. त्यांच्या पत्रकात उजवीकडे खाली आणखी एक जागा असे, फेरतपासणी. "एका सहीचं पत्रक म्हणजे मत," ते म्हणत. "दोन सह्यांचं म्हणजे माप." काकू गेल्यापासून ती जागा रिकामी होती. मी सही केली. खोटे कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

त्या रविवारी क्लबने यजमान कुटुंबांसाठी मैदानावरच दुपारचे जेवण ठेवले होते. काकांनी पत्रक संघाच्या मॅनेजरच्या, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या, हाती दिले. त्याने घडी करून खिशात ठेवले. सोमवारी काकांनी फ्रीझरचा वरचा कप्पा रिकामा केला, पालकाच्या पिशव्या आमच्या तळघरातल्या फ्रिजमध्ये आणून ठेवल्या आणि बर्फ भरून शेकण्याच्या दोन निळ्या पिशव्या विकत आणल्या.

"दुरुस्ती सुरू झाली की लागतील," ते म्हणाले.

मंगळवारी थोरला सकाळी दहाला मैदानावर गेला आणि साडेबाराला परत आला. सामना संध्याकाळचा होता. मी वर काकांच्या स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी करत होते. धाकट्याला ती आवडे. दार उघडले, अगदी हलके, अखेरच्या चार बोटांच्या अंतरात हाताने सोबत करत मिटले. थोरल्याच्या खांद्यावर त्याची मोठी पिशवी होती. मैदानावरच्या कपाटात राहणारी पिशवी.

"सोडलं मला," तो म्हणाला.

मला प्रथम कळलेच नाही. "लवकर सोडलं?"

"नाही, टीचर. सोडलं."

मी काकांकडे पाहिले. त्यांच्या हातात कॅलिपर होते. ते तसेच उघडे राहिले. सकाळी अकराला मॅनेजरने त्याला आत बोलावले, सव्वाअकराला हाती कागद देऊन बाहेर पाठवले, आणि तो कपाटापाशी पोचला तेव्हा त्याच्या नावाची पट्टी आधीच निघालेली होती. बारा वर्षे आणि पंधरा मिनिटे. शाळेत शिपायाची बदली करायची तरी आमच्याकडे महिनाभर कागद फिरत.

त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. आलेख. माझ्या रंगीत पेन्सिली. वर जोडलेले पत्रक. डावीकडे १, २, ३. त्याच्या मागेच फ्रिजवर तसलीच तीन रकान्यांची, त्याच देवनागरी लिपीतली वीसेक पत्रके लटकत होती. त्याला कोणी काही सांगण्याची गरज नव्हती.

काका उभे राहिले. मी त्यांना कधी अडखळताना ऐकले नव्हते. "ते... ते दुरुस्तीसाठी होतं. तिथे लिहिलंय. तिसरा रकाना. विश्रांती. उपचार."

"वाचलं मी," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "काका, यात एक चूक आहे."

काकांचा चेहरा एकदम उजळला. देवा, तो उजळलेला चेहरा मी विसरू शकत नाही. चूक असेल तर सारे रद्द करता येईल, नवे पत्रक काढता येईल. "कोणती?"

"सहाव्या डावापासून नाही," तो म्हणाला. "चौथ्यापासून."

कढईत साबुदाणा खाली लागल्याचा वास आला.

मग तो बसला आणि म्हणाला, "टीचर, जळतंय ते." मी गॅस बंद केला. त्याने ती लागलेली खिचडी पोटभर खाल्ली. धाकटा जिन्यात उभा राहून रडत होता. त्याला थोरल्याने खाली बोलावले, फरशीवर बसवले, हातात संत्रे दिले आणि अर्धा तास शिकवले. उरलेले सगळे एकदम. चारच्या सुमारास त्याची गाडी गल्लीतून वळून दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला गाडीत बसवले आणि आम्ही मॅनेजरच्या खोलीत गेलो. तो उठून उभा राहिला, काकांचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

"सर, या वर्षी माझ्या हाती आलेला हा सर्वांत चांगला अहवाल. आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं."

"ते दुरुस्तीसाठी होतं," काका म्हणाले.

"दुरुस्ती झाली ना, सर. काल आमच्या पिचरनी उत्तम खेळ केला."

"त्याची दुरुस्ती. खांद्याची. तीन आठवडे, असं लिहिलंय मी."

"सर," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "तुमचा कागद आला तेव्हाच सीझनचे एकोणीस दिवस उरले होते."

तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. उरले होते एकोणीस. मी सहा वर्षे गणित शिकवले, चार दिवस खपून आलेख काढले, ओळींना क्रमांक दिले. आणि ही वजाबाकी मी केली नव्हती. आमच्याच कागदाने त्याला उरलेल्या सीझनसाठी निकामी ठरवले होते. त्याच्या नावाची ती पट्टी त्या माणसाने नव्हे, आम्ही दोघांनी, दोन सह्यांनी काढली होती.

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मॅनेजर म्हणाला, "सर, एक विनंती. पोराचंही असंच एक करून द्याल का? दर आठवड्याला? पुढच्या वर्षी त्याला वर पाठवायचा की नाही, ते ठरवायला उपयोग होईल."

मला वाटले काका चिडतील. ते फक्त त्याच्याकडे पाहत राहिले, एखादा नग कुठल्या यंत्रातून आला असावा ते कळेना म्हणजे पाहावे तसे. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली नाही, नुसती हातात धरली.

"अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले. "बाई, इथल्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मी माल दुरुस्ती खात्याकडे पाठवला. ते खातं पलीकडच्या इमारतीत होतं. मी एकदाही जाऊन बघितलं नाही, तिथे खरंच काय करतात ते."

थोरल्याचे नाताळचे कार्ड मात्र दर वर्षी येत राहिले. तो त्याच्या गावी जनावरांच्या खाद्याच्या दुकानात काम करतो. कार्डावर एकच ओळ असे : "खांदा बरा आहे." काका ते कार्ड फ्रिजवर लावत आणि त्याच्याकडे पाठ करून चहा पीत.

पण मला सांगायचे आहे ते त्याच आठवड्यातल्या शनिवारचे. दुपारचा सामना होता. सकाळी धाकटा नाश्त्याला बसला. समोरची खुर्ची रिकामी होती. आता रोज तोच खेळणार होता, ज्याची त्याने वीस वर्षांचे सारे आयुष्य वाट पाहिली होती तेच घडले होते. तो खात नव्हता. त्याने काकांच्या वहीकडे बोट दाखवले.

"मिस्टर काका," तो म्हणाला, आणि या वेळी हसला नाही, "माझंही लिहिता?"

काका उठले आणि त्यांनी डब्यात भडंग भरला.

त्या दुपारी धाकटा वाईट खेळला. इतका वाईट की पोस्टमनही गप्प झाले. साधे तीन चेंडू त्याच्या हातातून निसटले. एकदा त्याने फेकलेला चेंडू दुसऱ्या बेसपाशी उभ्या दोघांच्या डोक्यांवरून उडून थेट मागच्या कुंपणाकडे गेला. आठव्या डावात मागून कोणीतरी ओरडले, "आजोबांना परत बोलवा!" आणि लोक हसले. मी काकांकडे पाहिले. वही उघडी होती, पेन्सिल हातात होती, डोळे मैदानावर होते. ते सर्व काही पाहत होते. जे माझ्या डोळ्यांना दिसले, ते त्यांच्या डोळ्यांतून निसटणे शक्यच नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी टेबलावर कोरे पत्रक घेतले. वस्तू : कॅचर. मग दुसऱ्या रकान्यावर त्यांचा हात थांबला. धाकटा वर नळ सोडून तोंड धूत होता, त्याचा आवाज खाली येत होता. काकांनी लिहायला सुरुवात केली. सावकाश, पूर्वी माझ्या पोळीची कड ज्या वळणदार अक्षरात नोंदली होती त्याच अक्षरात. तिसऱ्या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ ओढली. सही केली. पत्रक माझ्याकडे सरकवले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

"दोष आढळला नाही."

मी ते तीनदा वाचले. उत्तर चुकलेले असताना बरोबरची खूण करण्याचे काम मी आयुष्यात एकदाही केले नव्हते. माझ्या वडिलांनीही नाही, तेही शिक्षकच. डोळ्यांपुढे ते तीन निसटलेले चेंडू होते. उजवीकडे खाली फेरतपासणीची जागा कोरी होती, आणि एका सहीचे पत्रक म्हणजे नुसते मत.

वरचा नळ बंद झाला. जिन्यावर पावले वाजली.

मी पेन उचलले आणि सही केली.